क्रमांक एकोणसाठ

डीनच्या कचेरीला शुक्रवारी दुपारपर्यंत
हेल्वी राउद्मेत्स यांच्या प्रकाशनांची यादी हवी आहे.
निरोप समारंभ, भाषणं, एक पितळी फलक.
मी विभागातली लेखनिक. यादीचं काम माझ्याकडे.

संगणकाच्या मते त्या दोन बायका आहेत.
एक रशियन लिपीतली, त्र्याऐंशी साली संपलेली.
दुसरी रोमन लिपीतली, एक्क्याण्णवला एकदम
चाळिशीचीच जन्मलेली.
दोघींची ओळख पटवून देण्यात माझा मंगळवार गेला.

मधली आठ वर्षं कोरी.
विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,
"एका शहाण्या माणसाला वेडा ठरवायचं होतं.
सही केली नाही.
मग व्होरूच्या इस्पितळात गोळ्या मोजत बसले."
आणि चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरल्या.
हे कुठल्या जर्नलमध्ये आलं, असं फॉर्म विचारतो.
मी रकाना मोकळा सोडला.

क्रमांक नऊ: गार पाण्यात सोडलेला उंदीर
किती सेकंदांनी हातपाय मारणं थांबवतो.
लेखक पाच, हेल्वी पाचव्या.
प्रयोगानंतर प्रत्येक उंदीर
त्या स्वतःच्या लोकरी मफलरने कोरडा करत,
हे 'पद्धती' या भागात नाही.
मला सांगितलं म्हाताऱ्या शिपायाने,
ज्याला तो मफलर धुवावा लागे.

क्रमांक अठ्ठावन्न सगळ्यांना ठाऊक.
उदासीनतेवरची नवी गोळी, बेचाळीस रुग्ण, सोळा आठवडे.
सहाशे बारा जणांनी दाखला दिलाय.
तिच्या जोरावर प्रयोगशाळेला छप्पर मिळालं,
मला नोकरी.

खाली एक टिचभर मजकूर सापडला, दोन अंकांनंतरचा:
'तक्ता दोनमध्ये ४२ ऐवजी ४१ असे वाचावे.
निष्कर्ष त्यानुसार सौम्य समजावेत.'
दाखले शून्य.

मी तो गाळला होता. शुद्धिपत्रं कोण मोजतं?
त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला,
"आणि एकोणसाठ?"

मग सांगितलं. रुग्ण क्रमांक सतरा.
डेअरीत कामाला, सगळ्यांत जास्त सुधारलेली.
पुन्हा हसायला लागली होती, गायींची नावं सांगायची.
वसंतात तिची आई आली, हातात काचेची बरणी,
बिटाच्या तळघरात सापडलेली,
आत सोळा आठवड्यांच्या गोळ्या.
एकही कमी नाही.

"मी मोजल्या," हेल्वी म्हणाल्या. "दोनदा.
मोजायची सवय होती ना, व्होरूपासून.
सहकारी म्हणाले, एकीने काय फरक पडतो?
पडला. आधी ठणठणीत पास होतो,
मग जेमतेम काठावर."

नदीवरचा बर्फ फुटत होता, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"तिला विचारलं मी, मग बरं कशानं वाटलं?
म्हणाली, दर गुरुवारी तुम्ही यायचात.
झोप लागली का विचारायचात.
उत्तर ऐकून मगच लिहायचात.
आता हे कोणत्या रकान्यात घालायचं?
पंचवीस वर्षं झाली, मला अजून जमलेलं नाही."
बोलता बोलता त्यांनी टेबलावरचे पावाचे कण
बोटाने एका ओळीत लावले,
मग मोडले.

रात्री ऑफिसात बसून
मी एकोणसाठ टाकला.
त्याखालचे सगळे आकडे एकेक पायरी उतरले,
साठ झाला एकसष्ट, एकसष्ट बासष्ट,
हाताने बदलावे लागले, फॉर्म जुना आहे.
शेवटची बेरीज एकशे बत्तीस.

सकाळी कोरणाऱ्याचा फोन आला.
फलक तयार आहे, केव्हाही न्या.
त्यावर एकशे एकतीस.

मी म्हटलं, चूक आहे.
तो म्हणाला, बाई, एकाने काय फरक पडतो?