बंबाचं धुराडं

मगदुमांची लाल गाडी पहिल्यांदा आली
तेव्हा मी आठ वर्षांची.
उद्यमनगरच्या बोळात, फौंड्रीच्या काळ्या वाळूवर
ती इतकी ठेंगणी बसली होती की
मौलानं आधी टायर तपासले.

अण्णांनी बॉनेट उघडलं. विडी विझेपर्यंत गप्प.
मग म्हणाले, "हिचा संसार उष्ट्यावर चालतोय, मौला."
इंजिनानं ओकलेला धूर
बाहेर पडता पडता एक चक्र फिरवायचा,
चक्र नवी हवा आत रेटायचं,
आणि चढावर जिथं बाकीच्या गाड्यांना दम लागतो
तिथं ही दम भरायची.

मला दिसली ती फक्त एक गोगलगाय,
ओतीव लोखंडाची, तापून जास्वंदी झालेली.

कंपनीचा मॅनिफोल्ड जाड, आखूड, हट्टी.
दर उन्हाळ्यात तिसऱ्या नळीपाशी चीर.
अण्णांनी तीनदा सांधली.
चौथ्यांदा टॉर्च खाली ठेवला.
"दुखणं चिरेत न्हाई. वळणात हाय."

मग पंचगंगेची वाळू चाळली, भाजली,
नळ्यांत ठासून भरली,
भट्टीत लाल करून
गुडघ्यावर पोतं बांधून वाकवल्या.
सुतळीनं मापल्या. चौघी बहिणींना
एकाच लांबीचं लुगडं.
खालचा पाइपही नवा, अंगठाभर रुंद.

पन्हाळ्याच्या चढावर कलगोंडा मगदूम ओरडले म्हणे,
अण्णांना ऐकू आलं नाही.
त्यांचा डावा कान हातोड्यानं कधीच खाल्ला होता.
ते बांबूची काठी पाइपला टेकवून
दुसरं टोक दातात धरून ऐकायचे.

पुढं गाडी येत राहिली.
धुराचे कायदे आले तेव्हा पोटात जाळीचा डबा घेऊन,
गुदमरलेली.
मग कुणीतरी पुण्यात डबा काढला, सरळ नळा घातला,
अख्खं जयसिंगपूर जागं केलं.
मग स्टेनलेस. ते मी केलं,
अण्णा खाटेवरून बघत असताना.
टाका बघून म्हणाले, "नाजूक हाय."
ते कौतुक होतं का, अजून कळलेलं नाही.

परवा श्रेणिक आला, मगदुमांचा नातू.
हातात यादी. त्याला सगळं मूळचं पाहिजे,
आज्जा गाडी घेऊन आला त्या दिवसाचं.
मॅनिफोल्ड सापडला, चिरेसकट, मोळ्यांच्या पिंपाखाली.
"आणि खालचा पाइप?"

मी काहीच बोलले नाही. भिंतीकडं बघितलं.
न्हाणीघराच्या भिंतीतून
कंपनीचा तो पाइप बाहेर आला होता,
पस्तीस वर्षांच्या काजळीखाली
अजून नंबर वाचता येत होता.
आईनं तेव्हा भंगारातून उचलून
बंबाला लावला होता. धूर उलटत नाही म्हणून.

श्रेणिकनं आकडा सांगितला. मग दुप्पट सांगितला.
आईनं चिपाडं मोडून बंबात घातली.
"गाडी आंघोळ करती व्हय रं?"
तो हसला नाही. भिंतीला कान लावून उभा राहिला.
आत जाळ धरला,
पाइपातून एक बारीक घुमारा उठला.

"धुळीनं माखलायस. आदी पाणी घे अंगावर,
मग बोल."

तो आत गेला. कडी लागली.
मी बाहेर ग्राइंडरची वायर गुंडाळत होते.
तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आला,
आणि मधेच, हळू,
तोंडानं गिअर बदलल्याचा.