रकाना चौदा

गाव सांगत नाही.
येरळेकाठचं म्हणा, अग्रणीकाठचं म्हणा,
मार्चात दोन्हींच्या पात्रात गुरंच चरतात,
त्यामुळं फरक पडत नाही.
घरापुढं शेवगा होता. किंवा हादगा.

पाहणीचे कागद मांडीवर घेऊन मी उंबऱ्यापाशी बसलो होतो.
माणसं किती, जनावरं किती, पाणी कुठनं.
सासू सांगत होती, ती मागं उभी.
चौदाव्या रकान्याशी आलो:
घरात कुणाला मनाचा आजार, औषधोपचार?
"आमच्यात नाही असलं काही," सासू फटकन म्हणाली.
'नाही' लिहायला मी पेन टेकवलं,
तेवढ्यात ती म्हणाली,
"आत्ती, शेरडू सुटलंय बघा."

शेरडू सुटलं नव्हतं.
सासू गोठ्यापर्यंत जाऊन येईतो तिनं सांगून टाकलं.
दोन वर्षं झाली. गोळ्या मिरजेहून आणते,
बुधवारच्या गाडीनं. घरी दातांचं म्हणून सांगते.
हळदीच्या डब्यात, तळाला ठेवते.
"आता झोप लागते."
झोपेला त्या फॉर्मवर जागा नव्हती.

मग विचारलं, "हे कुठं कुठं जातं?"
मी फॉर्मच्या माथ्यावरची छापील ओळ दाखवली.
तिनं बोट ठेवून वाचली, गो-प-नी-य.
"म्हणजे झाकून?"
"झाकून," मी म्हणालो,
आणि कानापर्यंत तापलो.
एक पेन आणि ती ओळ, एवढंच होतं माझ्याकडं.

विजयनगरच्या कचेरीत मुजावरनं तक्ता लावला.
नावं आधीच कापलेली, घरक्रमांकही.
त्या गावापुढं:
पुरुष सात, स्त्रिया एक, एकूण आठ.

एवढ्याशा गावात एकाला नाव लागत नाही.
पारावरचं कुणीही त्या एकाला लुगडं नेसवेल,
बुधवारच्या गाडीत बसवेल,
आणि तिच्या धाकट्या बहिणीची सोयरीक निघाली
की बैठकीत पानसुपारीशेजारी आणून ठेवेल.

दुसऱ्या खात्याचं पत्र आलेलं होतं:
गावनिहाय आकडे द्यावेत, नावांची आवश्यकता नाही.
सभ्य पत्र. खाली 'आपला विश्वासू'.
मगदूम साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"एकाच्या जागी चांदणी टाक."
मुजावरनं टाकली.
मी म्हणालो, "साहेब, आठातनं सात गेले..."
साहेब थोडा वेळ पंख्याकडं बघत राहिले.
मग सातावरही चांदणी पडली.
सात बाप्ये, कोण कुठले,
एका बाईला आडोसा करून उभे राहिले,
आणि त्यांना ते कधीच कळणार नाही.
पण तालुक्याच्या बेरजेतनं ती पुन्हा डोकावायला लागली,
म्हणून शेजारच्या गावात आणखी दोन.
साडेसात वाजले. गुरव मामा किल्ल्या वाजवत दारात.
तळटीप मी लिहिली:
संख्या अल्प असल्याने दर्शविलेली नाही.

त्या खात्यातनं फोन आला.
"अहो, योजना आहे. मदतच करायची आहे."
खरंही असेल.
मग गावात जा, योजनेचं सगळ्यांना सांगा,
जिला वाटेल ती येईल.
माझ्या रकान्यातनं तिच्या दाराला वाट नाही.
हे मी फोनवर इतकं नीट म्हणालो नव्हतो.
"बघतो," म्हणालो, आणि पाठवला तोच तक्ता, चांदण्यांसकट.

पुढं एकदा मिरजेच्या स्टँडवर ती दिसली.
पोराबरोबर उसाचा रस पीत होती,
बर्फ काढून पोराच्या ग्लासात टाकत होती.
तिनं माझ्याकडं पाहिलं बहुतेक.
मी वेळापत्रक वाचायला लागलो,
तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पुन्हा तासगाव.

घरी बायकोनं विचारलं, कुणी भेटलं का?
नाही म्हणालो.

आणि मिरजेला जायचा तिचा वार
बुधवार नाही.