एक्सरे कुठे लिहू

दौलतगंजात, गजकवाल्याच्या दुकानावर
दोन खोल्या आमच्या संस्थेच्या.
थंडीत खाली लाकडी मोगऱ्यांनी तीळगूळ कुटतात,
टेबल थरथरतं,
लिहिता लिहिता पाचाचा सहा होतो.
बँकेतून निवृत्त झालो तेव्हा
प्रमोदिनीताई म्हणाल्या, या, आमचा हिशेब बघा,
पगार नाही, चहा आहे.
चहालाही बिल लागतं
हे मी त्यांना शिकवलं.

अनुदान तीन वर्षांचं होतं.
देणारे लांबच्या शहरातले, सभ्य,
प्रत्येक पत्राखाली शुभेच्छा.
विचारायचे : लाभ किती जणांना,
त्यात स्त्रिया किती,
आणि झालेला बदल मोजायचं माप कोणतं.
मी मराठीत बेरीज करायचो,
ताई खाणीवर जाऊन हिंदीत विचारायच्या,
उत्तर इंग्रजीत जायचं.
या प्रवासात कुठेतरी
घाटीगावच्या हलकाई सहारियाचा खोकला
'श्वसनविषयक आव्हान' झाला.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांना क्षयच लिहून देत.
सोयीचं होतं.
क्षयाला औषध असतं, मालक नसतो.
म्हणून आम्ही एक्सरे काढायला लागलो,
एकेक, बाहेरून, पावती घेऊन.
दोनशे चौदा छात्या.
खिडकीशी धरलं की फासळ्यांमागे
बारीक पांढरे ठिपके, चाळणीतून पडल्यासारखे.
अख्खं ग्वाल्हेर ज्या दगडाचं बांधलंय
त्याचाच तो भुगा.

हलकाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचा,
आत येईपर्यंतचा दम गोळा करत.
एकदा, काम नव्हतं म्हणून,
फॉर्मातला सातवा प्रश्न मी त्याला वाचून दाखवला :
अनुदान संपल्यावर हे कसं टिकेल?
म्हणाला, बाबूजी, खदान तो टिकैगी.
मग हसला,
आणि ते हसणं त्याला परवडलं नाही,
पाणी द्यावं लागलं.

रकान्यात मी लिहिलं : स्थानिक सहभागातून.

जानेवारीत पत्र आलं.
अग्रक्रम बदलले आहेत.
तुमच्या कामाविषयी आदर आहेच.
सोबत जोडलेल्या नमुन्यात
अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची यादी पाठवावी.
ताई पत्र दोनदा वाचून म्हणाल्या,
भाषा किती छान आहे नाही,
आणि कलेक्टर कचेरीत निघून गेल्या,
नुकसानभरपाईचे एकतीस अर्ज तिथे अजून पडून होते.

तर यादी.
संगणक एक.
प्रिंटर एक, नादुरुस्त.
खुर्च्या सहा, त्यातली एक आमच्या घरची, ती वगळली.
कूलर.
लोखंडी कपाट, किल्ली हरवलेली.
आणि कपाटात पाकिटं, दोनशे चौदा.
नियमानं ती देणाऱ्यांची,
प्रत्येकाचं व्हाउचर आहे, माझ्याच सहीचं.
घसारा किती धरू यावर?
दरवर्षी त्यातले काही कमी होतात
ते कोणत्या दरानं?
अडतीस वर्षं लेजर लिहिलं मी,
जमा आणि नावे याखेरीज तिसरी बाजू
कधी लागली नाही.

माघात मथुराबाई आली, हलकाईची.
तो पौषातच गेला होता.
म्हणाली, त्याचा एकही फोटो नाही घरात,
तो काळा फोटो तेवढा द्या.
मी पाकीट शोधून दिलं.
सवयीनं व्हाउचर पुढे केलं,
तिनंही सवयीनं अंगठा उठवला.
तिनं एक्सरे उजेडात धरला, उलटा,
खांदे खाली, पोट वर.
मी काही बोललो नाही.
बराच वेळ बघत होती.
मग पदरात गुंडाळून
जिना उतरली, एका दमात.

खाली मोगऱ्या चालूच होत्या.
यादीत मी दोनशे तेरा लिहिले.
एक कमी का, असं ऑडिटरनं विचारलं
तर सांगेन,
घेणेकरी आली होती, घेऊन गेली.
बाकीच्यांसाठी
अजून रकाना शोधतोय.