सहीची जागा

तक्त्यावर तीन रकाने आहेत.
चौथा नाही.
व्हर्ना पार्डी एकतीस वर्षं या मजल्यावर आहे
आणि तिची सही कुठेच नाही.

अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन,
कवळीची वाटी, रात्रीचा चहा.
नियमावलीत लिहिलंय:
मदतनीस पाहू शकते, निष्कर्ष काढू शकत नाही.
मी तिच्या एक पायरी वर.
गोळ्या देते, जखमेची पट्टी बदलते,
शिरेतून जाणाऱ्या औषधाला मात्र हात लावत नाही.
ते ब्रिअ‍ॅनाचं. वय तेवीस,
बिल्ला अजून कोरा करकरीत,
आणि आज रात्री दोन मजले तिच्या एकटीच्या अंगावर.

फेब्रुवारी. न्यूफाउंडलंडचं हे टोक,
बंदर पांढरं, गप्प.
सात नंबरमध्ये अँब्रोज कीपिंग, एक्याऐंशीचा,
खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस.
जन्मभर कॉड धरला. मग कॉड संपला, होडी विकली,
राहिली ती मोजायची सवय.
रोज रात्री चहा पिता पिता
पलीकडच्या किनाऱ्यावरचे दिवे मोजतो.
अकरा झाले की कप परत.

दोन वाजून दहा मिनिटांनी व्हर्ना आली,
हातात भरलेला कप.
"आज त्यानं दिवे मोजले नाहीत."

मी जाऊन पाहिलं.
ताप नाही. रक्तदाब जरा उतरलेला,
पण त्याचा असतोच तसा.
मी आकडे भरले.
आकड्यांना काहीच वाटत नव्हतं.
व्हर्ना दारातून हलेना.
"मला काही म्हणता येत नाही, पोरी.
पण आत झोपलाय तो अँब्रोज नाही."

मधल्या पायरीवर उभं राहून बघा कधीतरी.
वर काय कळवू? कप भरलेला आहे?
शेवटी तिचं बोलणं घेतलं
आणि त्याला वर जायचे कपडे घातले:
रुग्णाच्या मानसिक स्थितीत बदल.
चार शब्द. त्यात चहा नव्हता,
दिवे नव्हते, व्हर्ना तर नव्हतीच.

ब्रिअ‍ॅना धावत आली.
तिचं एक सांगायलाच हवं:
आकडे बरे आहेत की, असं ती म्हणाली नाही.
तिनं विचारलं, आणि मला नाही, व्हर्नाला विचारलं,
"रोज किती मोजतो?"

मग रक्त गेलं तपासायला,
डॉक्टरांची झोप मोडली,
सलाइन, अँटिबायोटिक. पिशवी मी धरली,
पण चावी उघडणारी बोटं तिची,
थरथरत होती, तरी तिचीच.
चुकलं असतं तर तेही तिचंच,
लायसन्ससकट.
व्हर्नाला हे ठाऊक होतं.
ती तिच्या मागे जाऊन उभी राहिली,
पाठीवर हात न ठेवता
ठेवल्यासारखी.

पहाटे डॉक्टर म्हणाले, रक्तात विष भिनत होतं,
वेळेत सापडलं.
सापडलं.
केवढी सोयीची क्रियापदं असतात,
कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

कागदावर ब्रिअ‍ॅनाची सही, खाली माझी.
व्हर्ना तेव्हा चादरी मोजत होती,
धोबीखान्याच्या गाडीपाशी.

चार रात्रींनी अँब्रोज म्हणाला, "बारा."
"अकराच आहेत," व्हर्ना म्हणाली.
"बारा. नीट बघ."
दोघं बराच वेळ भांडले.
बारावा दिवा काचेतला होता,
तिच्या कमरेच्या टॉर्चचा, चालू राहून गेलेला.
तिनं तो विझवला, बॅटरी वाया जाते म्हणाली,
आणि रिकामा कप घेऊन आली.

आम्ही तिघी खोलीत बसून टोस्ट खाल्ला.
पगाराचं कुणी काढलं नाही.
कधीच काढत नाही.