सव्वा मूठ

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात,
माणसं मोजायचं काम माझं.
प्लांट तीन. एक इथं, एक इझ्मीरला, एक नाकुरूत.
मुख्यालय श्टुटगार्ट. तिथून दर सोमवारी तक्ता येतो.
हेडकाउंट : चारशे बारा, दोनशे सहा, एकशे नव्वद.
माणूस तिथं कधी सव्वा नसतो, पाऊण नसतो.

हिलाल सोनवणे, पारोळ्याकडचा, एक्स्ट्रूडरवरचा,
दीड वर्षासाठी नाकुरूला धाडला,
तिकडच्या पोरांना मशीन शिकवायला.
व्हिसा झाला, लशी झाल्या,
संस्कृतीची ओळख करून देणाऱ्या पासष्ट स्लाइड्स झाल्या,
शेवटी त्यानं एकच विचारलं,
"ताई, तठे मिरची भेटस का?"
पासष्टात ते नव्हतं.

श्रावण लागला आणि त्याचा अर्ज आला.
रजेच्या कारणाला खिडकीत सहाच पर्याय :
आजार, विवाह, बाळंतपण, मृत्यू, घरबदल, इतर.
"इतर"वर टिचकी मारून
पुढच्या चौकटीत त्यानं एक शब्द लिहिला :
रोट.

दहा मिनिटांत उटाबाई स्क्रीनवर.
"आमच्यात रोट म्हणजे लाल.
तिथं काही धोका आहे का? आग? संप?"

मी सांगू लागले.
नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते,
नारळाला डोळे, नथ, गळ्यात पोत.
सोमवारी विसर्जन.
रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडा नाही,
आणि पुनवेच्या आत संपवायचे.
"म्हणजे कौटुंबिक जेवण," उटाबाईंनी टिपून घेतलं.
मी हो म्हटलं.
हो म्हटल्यावर आत काहीतरी खाली बसलं,
न ढवळलेल्या कढीसारखं.

त्या गप्प झाल्या.
त्यांच्यात गप्प म्हणजे विचार चाललाय,
आमच्यात गप्प म्हणजे बिनसलंय.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.
मीही गप्प राहिले. पंखा फिरत होता.

मग नाकुरूहून चेपकोएच बोलली, तिथली माझी जोडीदार.
"हा हिलाल मान हलवतो,
हो की नाही, आम्हाला कळत नाही. पोरं हसतात.
पण चार दिवस झाले, तो मान हलवतच नाही.
त्याला पाठवा. मशीन मी बघते."

रात्री मी त्याला फोन लावला, नियमाबाहेर.
"इतकं काय अडलंय रे? आई करेल की सगळं."
तो म्हणाला,
"ताई, मी तठे नसनू तरी मना नावनी मूठ पडी जास.
ती कोन खाई?"

हे मी इंग्रजीत लिहायला बसले.
तीनदा खोडलं.
शेवटी लिहिलं : त्याच्या वाट्याचं तिथं मोजून ठेवलेलं आहे.
मंजूर. पाच दिवस. बिनपगारी.

पुढच्या वर्षी खिडकीत सातवा पर्याय दिसला.
कुणी घातला, उटाबाई सांगत नाहीत.
इझ्मीरच्या सेल्चुकनं आजीच्या चाळीसाव्याला तो निवडला.
नाकुरूत एकानं निवडला,
सोबत्याच्या पोराला मोठं करून घ्यायचं होतं म्हणून.
तीन देशांच्या तक्त्यात आता रोट आहे,
आणि लेखापरीक्षक दर तिमाहीला विचारतो,
ही नेमकी कुठली रजा?

आमच्याकडे यंदा कानबाईच्या आधी
सासूबाई सूप घेऊन बसल्या.
घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू.
सासरे, दीर, हे, दुबईतला पुतण्या,
पाळण्यातला तर मुठीएवढाच.
दळायचं मी, भाजायचं मी,
आणि हिशेबही माझ्याकडेच, नोकरीच तशी म्हणून.
"किती झाले गं?" त्यांनी विचारलं.

पुरुष दहा होते.
मी म्हटलं, अकरा.

त्यांनी वर पाहिलं नाही.
हात पुन्हा गव्हात गेला.