अडीच मिलिमीटर

लोकेश कोहपरे शेडमध्ये आला तेव्हा
मी एका जळक्या डीपीची कॉइल उलगडत होतो.
म्हणाला, काका, असं तेल पायजे
ज्यात चालू मशीन बुडवली तरी मरणार नाही.
म्हटलं, बाप्पा, मग तीस वर्षं मी काय करून राहिलो?

त्याच्या गोठ्यात बारा मशिनी,
दिल्लीहून जुन्या आणलेल्या,
एकेकीला चार-चार पंखे, आणि मे महिना,
आणि जाम फाट्यावर पारा सत्तेचाळीस.
शेजारची सुभद्राबाई रोज ग्रामपंचायतीत जायची:
त्याच्या घरी विमान उतरलं,
उडून नाही राहिलं.

काय करतात ह्या?
खाणकाम, म्हणाला.
माझा मोठा भाऊ एकतीस वर्षं उमरेडच्या खाणीत होता,
रुमालात काळं थुंकायचा.
मी लोकेशची नखं पाहिली.
नाणं निघते काका.
दाखव.
दिसत नाही.
बरं.

तेल शोधायला निघालो.
परदेशी द्रवाच्या एका डब्याचा भाव ऐकून
मी चष्मा काढून पुसला,
ऐकलेलं पुसलं जाईल म्हणून.
हिंगणघाटला सरकीचं तेल स्वस्त,
पण दोन महिन्यांत खवट, आणि टाकीभोवती मुंग्यांची रांग.
जवसाचं तर मीच नको म्हटलं.
चटणीत ठीक, पण हवा लागली की त्याचं वार्निश होतं,
आमच्या दाराच्या चौकटीला विचारा.
पोट्ट्यानं ऐकलं नाही. एक मेलेलं कार्ड बरणीत घातलं,
पंधरा दिवसांनी ते लोणच्यातल्या फोडीसारखं निघालं,
बोटं चिकटली ती रॉकेलनं सुटली.
वर्ध्याच्या औषधवाल्याकडे पांढरं पॅराफिन होतं,
पोट साफ होत नसलं की देतात ते.
चारशे लिटर, म्हटल्यावर
त्यानं आम्हा दोघांकडे फार कणवेनं पाहिलं.

शेवटी माझंच तेल.
लिलावात घेतलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
पंप, पिठाच्या गिरण्या, लग्नातल्या माळा
सगळ्यांचा ताप वीस वर्षं अंगावर घेतलेलं.
तीन रात्री गाळलं, तापवलं, त्यातलं पाणी उडवलं.
मग चाचणीची वाटी.
दोन पितळी गोळे, मधे अडीच मिलिमीटर,
आणि दाब चढवत न्यायचा ठिणगी पडेपर्यंत.
माझे उस्ताद विचारायचे, चांगलं तेल कोणतं?
आणि स्वतःच सांगायचे, जे काही होऊ देत नाही ते.
बावीस हजार.
अठ्ठावीस.
पस्तीस, आणि लोकेशला श्वास घ्यायची आठवण नाही.
बेचाळीसला कडकन.
तो पाया पडायला वाकला. म्हटलं, ते राहू दे, टाकी धर.

पंखे काढून पोत्यात भरले.
मशिनी एकेक करून उभ्या सोडल्या,
बैल नदीत उतरवावा तशा, जपून.
बुडबुडे आले, थांबले.
खाली कुठेतरी हिरवे दिवे लागले
आणि आवाज गेला.
इतका की विहिरीवरची टिटवी ऐकू आली.
लोकेश उगाच टाकीला कान लावून उभा.

पुढे वायरींचं रबर ताठ झालं,
लेबलं सुटून वर तरंगायला लागली.
नाण्याचा भाव पडला की चढला कळत नाही,
दोन्ही दिवशी त्याचं तोंड सारखंच.
तेल तापतं, तो ताप टाकायचा कुठे,
म्हणून भंगारातला ट्रॅक्टरचा रेडिएटर
भिंतीपलीकडे काढलाय.
श्रावणात सुभद्राबाईनं त्याच्यासमोर दोरी बांधली,
नातवाची दुपटी तासाभरात वाळतात.
तरी म्हणते, आता लय सामसूम झालं,
झोपच नाही लागत.

टाकी बोटभर रिकामी दिसते.
कुठून झिरपतं ते सापडलेलं नाही.
समुद्रपूरला एक डीपी जळली असं ऐकतो,
सकाळी पिंप घेऊन निघतो.