बारा रेघा

ओहोटी लागली की मी पोंयीत उतरते.
गुडघाभर गाळ, चिऱ्यांच्या दोन थरांत रोवलेला खांब,
त्यावर डायल गेज, आणि त्याचा दांडा
नव्या साकवाच्या पोटाला बोट लावून बसलेला.
एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.
चोडणात इतकं बारीक कुणी काही मोजत नाही,
फेरीबोटीची वेळ तर नाहीच.

तुळई साधी. आठ मीटर, दोन टेकू, बस्स.
मानशीकडच्या टोकाला ती नुसती टेकलीय,
रोलरवर, उन्हात लांबायची तर लांबू दे म्हणून.
कॉलेजात हे आम्ही पेन्सिलीनं उरकायचो:
डावीकडे त्रिकोण, उजवीकडे गोळा,
वर बाणांची रांग.
चिखल काढायचा नसे.

रेती मिळेना. जेरोनिमनं मग
पोत्यांत चिऱ्याचा चुरा भरला,
पन्नास किलोंची अठ्ठ्याण्णव पोती.
हळू ठेवा, आपटू नका, मी खालून ओरडत होते.
झारखंडची पोरं वर हसत होती:
खाली कुणी झोपलंय का?
पहिल्याच पोत्याला सुई हलली.
डोळ्यांना मात्र शेवटच्या पोत्यापर्यंत
साकव सरळच्या सरळ.
चार पूर्णांक बहात्तर, मी लिहिलं.

पाठ आक्रसते, पोट ताणतं.
काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून गज सगळे पोटाशी.
मधे कुठेतरी एक थर असतो
ज्याला ना दाब ना ताण.
साधारण तिथंच, सेंट्रिंगची फळी काढताना,
कुणाची तरी पहार घसरून ओरखडा उमटलाय.

चोवीस तास ओझं तसंच ठेवायचं.
दर तासाला टॉर्च. भरतीला होडीतून,
पाणी गेजच्या वीतभर खाली येऊन थांबतं.
जेरोनिम वल्हं धरून बसतो आणि बोलतो.
इथं आधी माडाचं खोड होतं, बाय.
आई मिठाची पाटी घेऊन जायची त्यावरून.
एका वेळी एकच माणूस, आणि मधे थांबायचं नाही.
दोन पावसाळ्यांत खोडाला झोळ यायचा,
मग तो वर जायचाच नाही.
मग?
मागीर परतायचं त्याला. पोटाची पाठ करायची.
आणखी दोन पावसाळे.

मी आकडा लिहिता लिहिता थांबले.
आम्ही साच्यालाच आधी उचल देतो,
कॅम्बर म्हणतो, त्याचा वेगळा हिशेब मांडतो.
ह्यांनी तीच उचल
खोड कुशीवर लोळवून मिळवली होती.
मी सांगितलं, तेच ओझं मध्यावर ठेवून
लांबी दुप्पट केली, तर झोळ आठपट.
तो म्हणाला, दुप्पट लांब माड
आणणार कुठून?

दुसऱ्या दिवशी पाच पूर्णांक दहा.
पोती उतरली. पुन्हा एक रात्र, पुन्हा होडी, डास.
सुई मागं फिरत फिरत
शून्य पूर्णांक नव्वदवर अडली.
शंभरातले ब्याऐंशी परत. पंचाहत्तर लागतात.
उरलेलं तुळईनं ठेवून घेतलं,
पहिल्यांदा वाकताना तेवढं जातंच.
पास, मी लिहिलं, आणि पान्हा शोधू लागले.

इतक्यात वर चपलांचा आवाज.
इश्पेरांस, तिसऱ्यांची पाटी डोक्यावर,
फीत नाही, नारळ नाही, सरपंच नाही,
सरळ साकवावर.
आणि थांबली नेमकी मध्यावर,
जिथं कातर शून्य आणि वाक सगळ्यात जास्त.
चुंबळ सारखी केली. खाली वाकून पाहिलं.
कोण गो तिथं?
मी. सरकारी.
तिसऱ्या घेतेस?

बारा रेघा.
तिचं वजन, पाटीचं वजन,
पाटीतल्या खाऱ्या पाण्याचंसुद्धा.
ती शंभर म्हणाली, मी साठ म्हटलं,
चिखलात उभी राहून, मान वर करून.
भाव ठरेपर्यंत सुई बारावर थरथरत होती.

ऐंशीला दिल्या.
मग ती पलीकडे उतरली आणि सुई
बाराच्या बारा रेघा मागं येऊन
नव्वदवर.